गाळ्यातल्या ॲपसाठी शोध: ल्युसीन, टँटिव्ही की एसक्यूलाइट?

वाशीच्या एपीएमसीत मसाला मार्केटमधल्या व्यापाऱ्यासाठी ॲप करायचं, तर शोध फोनवरच चालला पाहिजे. आतल्या गाळ्यांत रेंजचा भरवसा नसतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना फिरणारं चक्र बघायला कुणालाच वेळ नसतो. त्यामुळे मेलीसर्च, टाइपसेन्ससारखी सर्व्हरवर चालणारी इंजिनं इथे बाद. झॅपियन जुनं आणि दणकट आहे, पण त्याचा परवाना जीपीएल. ॲपचा कोड बंद ठेवायचा असेल तर त्या वाटेला जाऊ नये. उरतात तीन: ल्युसीन, टँटिव्ही आणि एसक्यूलाइट या डेटाबेसचं शोधाचं अंग, एफटीएस5. परवान्याची अडचण तिघांपैकी कुणातच नाही.

ठाण्या-नवी मुंबईतल्या छोट्या टीम या निवडीत बहुतेक वेळा वेग आणि ॲपचा आकार बघतात. काही हजार वाणांच्या यादीला तिन्ही इंजिनं पुरून उरतात, वेगाचा प्रश्नच येत नाही. घोडं पेंड खातं ते देवनागरीपाशी.

एसक्यूलाइटपासून सुरू करू, कारण शेवटी माझं मत त्याच्याच पारड्यात आहे आणि सर्वांत वाईट खड्डाही त्याच्यातच आहे. एफटीएस5 चा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, आहे युनिकोड61. तो अक्षरं आणि अंक हेच शब्दाचे घटक मानतो. बाकी सगळं त्याच्या लेखी शब्दांमधली मोकळी जागा. युनिकोडमध्ये आपल्या काना, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि हलन्त 'अक्षर' या गटात येत नाहीत, 'चिन्ह' या गटात येतात. परिणामी 'मीठ' या शब्दाचे 'म' आणि 'ठ' असे दोन तुकडे होतात. 'मोठी' चेही तेच दोन. म्हणजे व्यापारी 'मीठ' टाकतो आणि त्याला मोठी वेलची दिसते. गंमत अशी की 'हळद', 'खसखस' हे शब्द बिनकाना-मात्रेचे असल्यामुळे चाचणीत बिनबोभाट सापडतात. डेमोला हळद शोधून दाखवली की सगळे खूश, आणि बोंब होते ती गाळ्यात गेल्यावर.

उपाय एका ओळीचा आहे. टेबल तयार करताना 'कॅटेगरीज' या पर्यायात नेहमीच्या गटांबरोबर 'एमएन' आणि 'एमसी' हे चिन्हांचे दोन गट घालायचे. ही ओळ पहिल्याच दिवशी घातली तर पुढचं सगळं सोपं.

टँटिव्हीचं दुखणं वेगळ्या जागी आहे. हे रस्ट या भाषेत लिहिलेलं, ल्युसीनच्या धाटणीचं इंजिन. त्याचा साधा टोकनायझर काना-मात्रा धरून ठेवतो, कारण रस्टच्या व्याख्येत ती चिन्हं वर्णांतच मोडतात. हलन्त मात्र मोडत नाही. म्हणून 'मिरची' शाबूत राहते, पण 'संकेश्वरी' तुटून 'संकेश' आणि 'वरी' होते. 'ब्याडगी', 'तमालपत्र', 'चक्रीफूल' यांची गत तीच. मिरचीचे निम्मे वाण जोडाक्षराचे, तेव्हा स्वतःचा टोकनायझर लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. रस्ट येणारा माणूस टीममध्ये असेल तर ते काम अवघड नाही.

या एका बाबतीत ल्युसीन दोघांच्या पुढे आहे. त्याचा स्टँडर्ड टोकनायझर युनिकोडचे शब्दसीमांचे नियम पाळतो, त्यामुळे मात्रा आणि जोडाक्षरं दोन्ही जागच्या जागी राहतात. शिवाय भारतीय लिप्यांसाठी नॉर्मलायझेशनचा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणारा फिल्टर तयार मिळतो. मराठीसाठी वेगळा अ‍ॅनालायझर (शब्द पाडून त्यांचे प्रत्यय छाटणारा संच) मात्र नाही, आणि हिंदीचा लावून भागेल असं समजू नका. त्याचे प्रत्यय छाटायचे नियम हिंदीचे आहेत.

पण ल्युसीन जावाचं आहे आणि अँड्रॉइड म्हणजे पूर्ण जावा नव्हे. डग कटिंग यांनी 1999 मध्ये ते लिहिलं तेव्हा असा फोन कुणाच्या स्वप्नातही नव्हता. आज ल्युसीन 9 ला जावा 11 लागतं, 10 ला जावा 21. म्हणून हात जावा 8 वर चालणाऱ्या ल्युसीन 8 कडे वळतो. तिथेही ते फायली ज्या पद्धतीने हाताळतं ती अँड्रॉइड 8 पासूनच उपलब्ध आहे, आणि 'क्लासव्हॅल्यू' हा वर्ग जुन्या फोनांवर सापडतच नाही. तो भाग स्वतः बदलून बांधावा लागतो. त्यात भर म्हणजे ल्युसीन आपले कोडेक (शोधाची सूची लिहिणारे-वाचणारे वर्ग) नावाने शोधून चालताना लोड करतं. रिलीज बिल्डमध्ये आर8 या अँड्रॉइडच्या कोड आटोपशीर करणाऱ्या साधनाने ते वर्ग निरुपयोगी समजून छाटले, तर डीबगमध्ये छान चालणारं ॲप प्ले स्टोअरवरून उतरवल्यावर उघडताच पडतं. हे वर्ग छाटू नका असं सांगणारे कीप नियम लिहिले की हे सुटतं, पण आधी कळायला हवं. आयफोनवर तर ल्युसीन थेट चालतच नाही. फक्त अँड्रॉइड, मोठाले लेख, आणि ल्युसीन कोळून प्यायलेला माणूस हाताशी, अशी तिन्ही जुळून आली तरच त्याच्या नादी लागावं.

टँटिव्ही दोन्हीकडे चालतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. एकदा रस्टमध्ये लिहायचं, युनिएफएफआय या साधनाने अँड्रॉइडच्या कोटलिन आणि आयफोनच्या स्विफ्ट भाषांचे पूल बांधायचे. खर्च बिल्डच्या बाजूला येतो: प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळी लायब्ररी, आणि नोव्हेंबर 2025 पासून अँड्रॉइड 15 साठीच्या ॲपांना प्ले स्टोअरने घातलेली 16 केबी मेमरी-पानांची अट. ही अट स्वतःचं एसक्यूलाइट बरोबर देणाऱ्यांनाही लागू आहेच. इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची शब्दांची सूची, लिहिताना टँटिव्ही प्रत्येक थ्रेडमागे (समांतर चालणाऱ्या कामामागे) किमान 15 एमबी मेमरी मागतं. स्वस्तातल्या फोनवर एकच थ्रेड द्यावा. हजारो पानांचे दस्तऐवज शोधायचे असतील तर मी हेच घेईन. भावाच्या यादीसाठी नाही.

एसक्यूलाइट फोनमधलं वापरायचं की आपलं घालायचं? आपलं घाला. फोनमधली आवृत्ती अँड्रॉइडनुसार बदलते; अँड्रॉइड 11 मध्ये 3.28 आहे आणि तीन-तीन चिन्हांचे तुकडे पाडणारा ट्रायग्राम टोकनायझर 3.34 मध्ये आला. रूम या अँड्रॉइडच्या डेटाबेस लायब्ररीतली एफटीएस4 (एफटीएस5 च्या आधीची पिढी) ची सोय बसवायला झटपट आहे, पण निकालांच्या क्रमवारीसाठी लागणारं बीएम25 हे सूत्र त्यात तयार मिळत नाही. ट्रायग्रामचा मोह मात्र आवरा: 'हळदीची' मधून 'हळद' तो काढून देतो, पण पहिली तीन चिन्हं टाईप होईपर्यंत काहीच दाखवत नाही, आणि 'गूळ' टाकला की 'गुळाची ढेप' त्यालाही दिसत नाही.

गूळ-गुळाचा, तीळ-तिळाचे, मीठ-मिठाचा ही अडचण कोणतंच इंजिन आपणहून सोडवत नाही. ते काम आपलंच: इंडेक्सला देण्याआधी आणि शोधण्याआधी शब्द सपाट करायचा. दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा, हलन्त काढा, 'मिर्‍यां'सारख्या शब्दांत लपलेला जोडणारा अदृश्य वर्ण काढा, आणि नुक्ता लावून लिहिलेला 'ऱ' व सरळ टाईप केलेला 'ऱ' एकाच रूपात आणा. मग 'मिर्ची' आणि 'मिरची' एकच होतात आणि 'गूळ' च्या सुरुवातीवरून 'गुळाची' सापडते. लेखांच्या शोधात इतकं सपाटीकरण नको त्या गोष्टी वर आणेल, मालाच्या यादीत चालून जातं. मूळ नाव साध्या टेबलात, सपाट नाव एफटीएसच्या टेबलात. म्हणजे सी भाषेत टोकनायझर लिहायची वेळ येत नाही. शेजारी आणखी एक स्तंभ पर्यायी नावांचा ठेवा, कारण गुजराती व्यापारी 'हळदर' म्हणणार आणि त्यांचा मुलगा रोमन लिपीत टाईप करणार.

कोटलिन आणि स्विफ्टमध्ये हे नियम दोनदा लिहावे लागतात, तेव्हा दोन्हीकडे चाचणीच्या शब्दांची फाईल एकच वापरा. आणि नियम बदलला की जुना इंडेक्स चुकीचा ठरतो, म्हणून नियमांचा क्रमांक डेटाबेसच्या 'यूजर व्हर्जन' मध्ये नोंदवून, तो जुळला नाही तर ॲप उघडतानाच इंडेक्स नव्याने बांधा.