आरएक्स १००चा चेंबर: एमएस पत्रा की ३०४ स्टेनलेस?

टू-स्ट्रोक बाइकचा एक्स्पान्शन चेंबर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारा, मधे फुगीर पाइप) हाताने बनवायचा म्हणजे पत्र्याचे शंकू कापायचे, वळवायचे, एकमेकांना वेल्ड करायचे. पत्रा कुठला घ्यावा, इथे एका मित्राचं घोडं अडलंय.

किमतीत एमएस (माइल्ड स्टील, साधं पोलाद) सरळ स्वस्त. कामालाही सोपा: १ मिमी पत्रा पाइपावर ठोकून वळतो, गॅस वेल्डिंगही चालतं. ३०४ ठोकता ठोकता कडक होत जातो आणि तापला की जास्त फुगतो, म्हणून टाके (वेल्डचे छोटे ठिपके) एकमेकांच्या जवळ मारायचे. वेल्डिंग टिगनेच (आरगॉन वायूच्या आवरणात होणारं विजेचं वेल्डिंग), तेही चेंबरच्या आतूनही आरगॉन सोडून. नाहीतर सांधा आतल्या बाजूने जळून खरबरीत होतो. (हे बरेच वेल्डर टाळतात, विचारून घ्या.)

टिकण्यात मात्र एमएस मागे. रंग मारला तरी सांध्यांपाशी गंज धरतोच.

मापं अजून बदलणार असतील तर एमएस. आकार पक्का, गाडी कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि टिगवाला भरवशाचा असेल, तर ३०४.