एंडॉर्फिन वाढवून शुक्राणू वाढवण्याचे आश्वासन देणाऱ्या कॅप्सूल: एक परीक्षण

पुरुषांच्या प्रजननक्षमतेसाठी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एका पूरक कॅप्सूलचे हे परीक्षण आहे. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण माझी हरकत बाटलीपेक्षा तिच्यासोबतच्या माहितीपत्रकातील दाव्यांना आहे. बाटलीचे सील शाबूत होते, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट छापलेली होती. माहितीपत्रक मात्र ठळक अक्षरांत सांगते की, शरीरातील नैसर्गिक ओपिऑइड (मॉर्फिनसारखी वेदना शमवणारी द्रव्ये), म्हणजे एंडॉर्फिन, वाढले की शुक्राणूंची संख्या व गती वाढते आणि 21 दिवसांत फरक दिसतो.

यातील पहिल्या दाव्याची दिशाच उलटी आहे. मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने स्रवणारे जीएनआरएच हे संप्रेरक पियूषिका ग्रंथीला कामाला लावते आणि नेमक्या याच स्रावाला बीटा-एंडॉर्फिन व डायनॉर्फिन ही नैसर्गिक ओपिऑइड लगाम घालतात. जीएनआरएच घटले की पियूषिकेतून येणारे एलएच हे संप्रेरक घटते आणि एलएच घटले की वृषणातील लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन कमी बनवतात. ओपिऑइड रिसेप्टर, म्हणजे ही द्रव्ये पेशीवर जिथे चिकटतात त्या जागा, अडवणारे नॅलोक्सोन हे औषध निरोगी पुरुषांना दिल्यावर एलएच वाढते. म्हणजे हा लगाम एरवीही थोडा ओढलेलाच असतो. लायडिग पेशी स्वतःही बीटा-एंडॉर्फिन तयार करतात आणि शेजारच्या, शुक्राणूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींवर त्याचा परिणाम मुख्यतः आवर घालण्याचाच होतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मानवी शुक्राणूंवर म्यू, डेल्टा आणि कप्पा हे तिन्ही ओपिऑइड रिसेप्टर आढळले आहेत, आणि प्रयोगशाळेत मॉर्फिनच्या संपर्कात आलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. शरीराला ही द्रव्ये नकोत असा याचा अर्थ नाही, कारण ताण आणि वेदना सोसण्यासाठी ती लागतातच; पण ‘जितकी जास्त तितके बरे’ हे गणित येथे मुळीच लागू होत नाही.

बीटा-एंडॉर्फिन ही 31 अमिनो आम्लांची साखळी असल्याने ती गिळली तर पोटातच पचून जाईल. बहुधा म्हणूनच कॅप्सूलमध्ये फेनिलअ‍ॅलॅनिन हे अमिनो आम्ल घातले आहे, ज्यामुळे एन्केफॅलिन या आणखी एका नैसर्गिक ओपिऑइडचे विघटन लांबते असे पत्रक म्हणते. ते किती घातले आहे, हे मात्र लेबलवर नाही. तेथे साऱ्या मिश्रणाचे एकत्रित वजन तेवढे बारीक अक्षरांत दिले आहे. सोबत जस्त आणि फॉलिक आम्लही आहे. या जोडीची अमेरिकेत 2,370 जोडप्यांवर चाचणी झाली. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत ना वीर्याची गुणवत्ता सुधारलेली दिसली, ना जन्मलेल्या बाळांचे प्रमाण वाढलेले.

21 दिवसांच्या वायद्याविषयी फार बोलायला नको. शुक्राणू घडायला सुमारे 74 दिवस लागतात आणि त्यानंतर वृषणाला लागून असलेल्या अधिवृषण या नळीतून पुढे सरकायला आणखी काही दिवस जातात. त्यामुळे एकविसाव्या दिवशीच्या नमुन्यातील शुक्राणूंची घडण पहिली कॅप्सूल गिळण्याच्या कितीतरी आधीच सुरू झालेली असते. शिवाय एकाच पुरुषाचे दोन अहवालही बरेच वेगळे येऊ शकतात, म्हणून 2 ते 7 दिवस वीर्यस्खलन टाळून तपासणी पुन्हा करायला सांगतात. त्यामुळे ‘मला फरक पडला’ असे सांगणारे सगळेच खोटे बोलतात असे नव्हे.

तंबाखू सोडा, वृषणांना फार उष्णता लागू देऊ नका, हा पत्रकातील सल्ला योग्य आहे. मात्र ज्या प्रश्नाने एखाद्या वाचकाचा खरोखर फायदा झाला असता, तो त्यात विचारलेलाच नाही: तुम्ही दीर्घकाळ ट्रमाडॉल, कोडीन किंवा मॉर्फिनच्या गटातील वेदनाशामक घेत आहात का? ही औषधे त्याच नैसर्गिक लगामावर जोर देतात आणि दीर्घ वापरात टेस्टोस्टेरॉन खाली आणतात. अशांनी गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांशी बोलावे आणि संप्रेरकांची तपासणी करून घ्यावी.

फेनिलअ‍ॅलॅनिनचे प्रमाण मी ग्राहक सेवेला लेखी विचारले. उत्तरादाखल तेच माहितीपत्रक पुन्हा आले. दुसरी बाटली मी मागवणार नाही.