रोटॅक्स ९१२ ला काय पाजावं: पंपाचं पेट्रोल की अ‍ॅव्हगॅस?

घरी बांधलेल्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं की आधी नाव इंजिनाचं निघतं. बऱ्याचदा इंजिन धड असतं, पेट्रोलच पोचलेलं नसतं. कराड ते सांगली कृष्णाकाठानं उडताना हे परवडत नाही. ऊस उभा असेल तर उतरायला रिकामं रान हुडकावं लागतं, आणि पुरुषभर उसात चाकं अडकली की विमान नाकावर उलटतं.

रोटॅक्स ९१२ हे अशा हलक्या विमानांचं इंजिन, अ‍ॅव्हगॅस म्हणजे विमानांसाठीचं शिसं घातलेलं पेट्रोल. ८० अश्वशक्तीच्या ९१२ ला ऑक्टेन दोन्हींत पुरतो. अडचण इथेनॉलची. रोटॅक्स कंपनीच्या माहितीपुस्तकात मर्यादा १० टक्के, पंपावर येतं २० टक्केवालं. ज्या उसावरून आपण उडतो, तोच टाकीत येतो म्हणायचा.

अ‍ॅव्हगॅसचा त्रास शिशाचा. ३० टक्क्यांहून जास्त तास त्यावर झाले, तर ऑइल २५ तासांनी बदलायचं. ऑइल टाकीच्या तळाशी राखाडी गाळ बसतो, तो पुसायचा. पूर्ण सिंथेटिक ऑइल शिसं नीट धरून ठेवत नाही, म्हणून सेमी-सिंथेटिक बरं. २०२२ पासून इंडियन ऑइल गुजरातेत अ‍ॅव्हगॅस बनवते खरी, पण बॅरल इथवर आणायचा खर्च आपलाच. खिशाला पंपच सोयीचा.

तरी माझं मत अ‍ॅव्हगॅसकडे फिरलं ते पाण्यामुळे. साध्या पेट्रोलातलं पाणी तळाशी बसतं, सकाळी टाकीच्या तळचं पेट्रोल ड्रेन कपात काढून पाहिलं की मण्यासारखं दिसतं. इथेनॉल ते पोटात घेतं, कप स्वच्छ. पावसाळ्यात अर्ध्या टाकीनं विमान शेडमध्ये पडून राहिलं, दमट हवा आत गेली आणि पहाटे गारठा वाढला, की पाणी नि इथेनॉल मिळून तळाशी उतरतं. नळी ओढते तळातूनच. जमिनीवरची चाचणी नळीतल्या आणि फ्लोट बाउलमधल्या, म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या, चांगल्या पेट्रोलवर पार पडते, थर कार्ब्युरेटरला पोचतो चढताना. फायबरच्या टाकीत राळ मऊ पडते, जुन्या अ‍ॅल्युमिनियम टाकीत आतून लावलेलं सीलंट सुटतं. त्याचे पापुद्रे फिल्टरात.

उन्हाळ्यात आणखी एक. अ‍ॅव्हगॅस सहजी उकळत नाही. पंपाचं पेट्रोल इंजिनावरच्या तापलेल्या झाकणाखाली (काउलिंग) वाफाळतं आणि जमिनीवर विमान चालवत नेऊन (टॅक्सी) लगेच उड्डाण केलं तर प्रवाह तुटू शकतो.

आठवड्याला उडणाऱ्याचं पंपावर भागतही असेल, पण पुस्तकाबाहेर जातोय हे धरून चालावं. निदान प्रत्येक भरण्याआधी तपासावं: १०० मिलीच्या मापनळीत १० मिली पाणी, वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल, हलवून दहा मिनिटं ठेवायचं. खालचा थर १० वरच राहिला तर इथेनॉल नाही. २८ च्या आसपास गेला तर २० टक्के. 'साहेब, यात इथेनॉल नसतं' असं पंपावर सांगितलं, तरी मापनळी काढावी. रबरी नळ्या पाच वर्षांनी बदलायच्याच असतात, इथेनॉलवर मात्र दरवर्षी वाकवून चिरा पाहाव्यात. आणि जूनआधी टाकी पूर्ण रिकामी, फ्लोट बाउलसकट.