फिशमीलमध्ये युरिया: वराहपालकांना गंडा कसा घालतात आणि तो घरी कसा पकडावा

डुकरांच्या खाद्यात सर्वांत महाग पडतात ती प्रथिने, आणि भेसळही नेमकी तिथेच होते. गोव्यातल्या सासष्टी, केपे, काणकोण भागात पाच-दहा जनावरे पाळणाऱ्याला फसवण्याची पद्धत ठरलेली आहे. टेम्पो दारात येतो. फिशमील, म्हणजे प्रथिनांसाठी खाद्यात मिसळायचे सुक्या मासळीचे कूट, बाजारापेक्षा स्वस्त आणि पोत्यावर ‘50 टक्के प्रथिने’ असे छापलेले. पहिली खेप चांगली निघते. विश्वास बसला की पुढच्या खेपेला माल बदलतो, आणि हातात पक्के बिल नसते, नुसती चिठ्ठी असते.

सोबत दाखवला जाणारा तपासणीचा कागद खराही असू शकतो, म्हणूनच हा प्रकार घातक आहे. नेहमीच्या तपासणीत प्रथिने थेट मोजत नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. त्यामुळे 100 किलो मालात 5 किलो युरिया गेला की कागदावर सुमारे 14 टक्के प्रथिने फुकटात वाढतात, आणि तेवढी वाळू, तूस खपवायला जागा होते. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू थोड्याफार युरियापासून प्रथिने तयार करतात. डुकराचे पोट तसे नाही. त्याच्या शरीरातून युरिया लघवीवाटे निघून जातो.

गोठ्यात काय दिसते? जनावर खाद्य कमी खाते, पाणी मात्र सारखे पिते. लघवी वाढते, सकाळी आत शिरताच अमोनिया डोळ्यांना झोंबतो. केस राठ होतात, एकाच वेतातली पिल्ले लहान-मोठी दिसू लागतात. पालकाला वाटते जंत झाले असतील, आणि तो औषधावर औषध देत बसतो. तोवर पैसा जातच असतो. 30 किलोचे पिल्लू 90 किलोपर्यंत न्यायला, किलोभर वाढीला साडेतीन किलो खाद्य धरले तर 210 किलो लागते. तेच प्रमाण साडेचारवर गेले की 270 किलो. खाद्य 30 रुपये किलो धरले तरी एका डुकरामागे 1,800 रुपये बुडाले, शिवाय विक्री लांबली ती वेगळीच.

युरिया घरी पकडता येतो. झाकणाच्या दोन बरण्या घ्या. दोन्हींत दोन-दोन चमचे फिशमील आणि अर्धा-अर्धा कप कोमट पाणी घाला. एकीत चमचाभर कच्च्या सोयाबीनचे ताजे पीठ मिसळा, दुसरीत काही घालू नका. सोयाबीन भाजलेले नको आणि पाणी कढत नको, नाहीतर युरियाचा अमोनिया करणारे त्यातले विकर (एन्झाइम) मरते. हळदीच्या पाण्यात बुडवलेली कागदाची ओली पट्टी झाकणाच्या आत चिकटवा आणि अर्धा तास उबेला ठेवा. फक्त सोयाबीनच्या बरणीतली पट्टी तांबूस झाली आणि तिथेच अमोनियाचा उग्र वास आला, तर मालात युरिया आहे. दोन्ही बरण्यांना वास येत असेल तर मासळी कुजलेली होती. तोही माल नको. हीच परीक्षा उलटी करून सोयाबीन पेंडीलाही लावता येते. पेंडीच्या कोमट पाण्यात चिमूटभर युरिया टाकल्यावर लगेच उग्र वास सुटला, तर पेंड नीट भाजलेली नाही. कच्च्या सोयाबीनमधला घटक प्रथिनांचे पचनच रोखतो, म्हणून तिच्यावरही पिल्ले खुरटतात.

वाळू ओळखायला पेलाभर पाण्यात फिशमील ढवळून वरचे ओतून द्या आणि तळाचा गाळ बोटांत चोळा. राइस पॉलिश (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) मुठीत दाबली की गोळा राहायला हवा. तुसाची भर असेल तर तो विस्कटतो.

मिठाकडे दुर्लक्ष नको. खारवलेल्या मासळीचे कूट फिशमील म्हणून विकले जाते. त्यातच पाणी पिण्याची तोटी (निपल) बंद पडली की डुकरांना झटके येतात, ती आंधळ्यासारखी भिंतीला डोके लावून उभी राहतात, कुत्र्यासारखी बसतात. अशा वेळी एकदम पोटभर पाणी देऊ नका. थोडे-थोडे, पुन्हा पुन्हा द्या आणि डॉक्टरांना बोलवा.

पावसाळ्यात मक्याचा तयार भरडा घेणे टाळाच. बुरशी लागलेला मका वाळवून दळला की डोळ्यांना काही दिसत नाही, आणि बुरशीचे विष, अफ्लाटॉक्सिन, वाळवून वा उकळून जात नाही. अख्खा मका घ्या, दाणे फोडून पाहा, मगच दळून आणा.

प्रयोगशाळेत नमुना देताना नुसती ‘क्रूड प्रोटीन’ची, म्हणजे नायट्रोजनवरून प्रथिने काढायची, तपासणी मागू नका. युरिया, मीठ आणि आम्लात न विरघळणारी राख हेही लिहून द्या. वाळू-तुसाचा पत्ता या राखेवरून लागतो. नमुना एका पोत्याच्या तोंडातून न घेता चार-पाच पोत्यांच्या वरून, मधून आणि तळातून घ्या. विक्रेत्यासमोर मिसळून त्याच्या दोन पिशव्या सीलबंद करा आणि दोघांच्या सह्या घ्या. सही करायला जो का-कू करतो, त्याचे पोते उतरवून घेऊ नका. पक्क्या बिलावर मालाचे नाव, बॅच आणि वजन हवेच. फसगत झाल्यास 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. डुकरे विकून पोट भरणाऱ्याने ‘हा तर धंदा आहे’ म्हणून मागे राहू नये. स्वतःच्या उपजीविकेसाठी केलेली खरेदी ग्राहक कायद्यात बसते.