घरी क्रीम चीज करायचं किट, तीन वेळा वापरून मग लिहितेय

लेकीचा वाढदिवस मे महिन्यात असतो आणि यंदा तिला बेक्ड चीजकेकच पाहिजे होता, दुसरा कुठला केक नको म्हणाली. एका चीजकेकला अर्धा किलो क्रीम चीज लागतं. आमच्या कोल्हापुरात मिळतं पण आज असतं उद्या नसतं, आणि डबे छोटे, अर्धा किलो जमवायचं म्हणजे दोन-तीन डबे आणि बिल हजाराच्या जवळ. मग ऑनलाइन एक चीज करायचं किट दिसलं ते मागवलं. नाव लिहीत नाही कारण तक्रारी पण आहेत, पण असली किटं सगळीकडे साधारण सारखीच असतात त्यामुळे कुणी घ्यायच्या विचारात असेल तर उपयोग होईल.

आत काय होतं: कल्चरची म्हणजे विरजणाची चार छोटी पाकिटं, रेनेटची (हे दूध घट्ट धरायला लावतं) अंगठ्याएवढी बाटली, दही नीट घट्ट व्हायला मदत करणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडची एक बाटली, एक कापड, काट्याचा थर्मामीटर आणि एक पुस्तिका. सासूबाईंनी पहिला प्रश्न रेनेटबद्दलच विचारला, कारण मूळचं रेनेट वासराच्या पोटातून काढतात हे त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं आणि ते खरंच आहे. पण ह्या बाटलीवर हिरवा ठिपका होता आणि मायक्रोबियल असं लिहिलं होतं, म्हणजे बुरशीपासून तयार केलेलं शाकाहारी रेनेट. तेवढं दाखवल्यावर मग त्या स्वतःच ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

आधी एक सांगते, नेटवर शंभर ठिकाणी दिलेलं असतं की दूध उकळा, लिंबू पिळा, गाळा आणि मिक्सरला फिरवा की क्रीम चीज तयार. ते क्रीम चीज नाही, ते वाटलेलं पनीर आहे. मी दोन वर्षांपूर्वी तसंच करून चीजकेक केला होता आणि तो रवाळ झाला होता. उकळत्या दुधात आंबट पडलं की दुधातलं प्रोटीन एकदम घट्ट गोळा होतं, मग मिक्सर कितीही फिरवा, कण जात नाही. खरं क्रीम चीज दह्यासारखं हळूहळू विरजून करतात, आणि विरजण मेसोफिलिक असतं म्हणजे कमी उष्णतेत वाढणारं, २२ ते २५ डिग्रीला बारा-पंधरा तास निवांत लागणारं. आपल्या घरच्या विरजणात कुठले कुठले जिवाणू असतात त्याचा भरवसा नाही, दही कधी गोड लागतं कधी कचकचीत आंबट. किटमधल्या कल्चरमध्ये ठरावीक जिवाणू असतात आणि त्यातले काही लोण्यासारखा वास देणारे असतात. सगळा फरक त्या वासातच आहे, त्याबद्दल पुढं सांगते.

दूध मी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरून आणलं, समोर पिळलेलं म्हशीचं. एक लिटर दूध आणि ४०० मिली अमूलची फ्रेश क्रीम, २५ टक्के फॅटची. हिशोब असा की दुधात ६५ ग्रॅमच्या आसपास फॅट धरलं आणि क्रीममध्ये १००, म्हणजे सगळं मिळून जवळपास १२ टक्के होतं, आणि कारखान्यात पण साधारण एवढ्याच फॅटच्या मिश्रणापासून क्रीम चीज करतात. अमेरिकेत नियमच आहे की क्रीम चीजमध्ये ३३ टक्के तरी फॅट पाहिजे आणि पाणी ५५ टक्क्यांच्या वर नको. त्यामुळं पिशवीच्या नुसत्या गाईच्या दुधाचं करायला गेलात तर चवीला बरं होईल पण ते क्रीम चीज होणार नाही.

कट्ट्यावरचं दूध कच्चं असतं त्यामुळं तापवायला लागतंच, पण उकळायचं नाही! मला हे मनाला पटायला वेळ लागला, आपल्याकडं दूध म्हटलं की उतू जाईपर्यंत तापवायची सवय. ७२ डिग्रीला नेऊन मिनिटभर धरायचं आणि लगेच गार पाण्यात पातेलं ठेवून उतरवायचं. उकळलं तर दुधातली दुसरी प्रोटीनं केसीनला, म्हणजे ज्याचं चीज बनतं त्या मुख्य प्रोटीनला, जाऊन चिकटतात आणि मग रेनेट नीट काम करत नाही, दही लिबलिबीत राहतं आणि पाणी सुटता सुटत नाही. पुस्तिकेत एवढंच लिहिलंय की डू नॉट बॉइल, का ते लिहिलं नाही, ते दोन ओळीत लिहायला पाहिजे होतं कारण कारण कळलं की माणूस ऐकतो.

पहिली वेळ पूर्ण बिघडली. रात्री दहाला विरजलं, थर्मामीटर २७ दाखवत होता, पुस्तिकेप्रमाणे रेनेटचे चार थेंब टाकले आणि ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी आठला बघते तर दह्याला तडे गेलेले, पातेल्याच्या कडेनं दोन बोटं पाणी, आणि गोळा रबरासारखा. आंबट इतकं की जीभ चरचरली. संध्याकाळी ते मिरची-कोथिंबीर घालून पराठ्यात संपवलं पण मन लागेना, क्रीमचे पैसे गेले ते वेगळंच.

मग थर्मामीटरवर संशय आला. उकळत्या पाण्यात धरला तर ९३ वर थांबला. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे त्यामुळं इथं पाणी १०० ला नाही, ९८ च्या आसपास उकळतं, पण ९३ ला नाही. बर्फाच्या पाण्यात घातला तर काटा शून्याच्या खाली पाचवर. म्हणजे सरळ पाच डिग्री कमी दाखवत होता, मी २७ समजून विरजलं ते खरं ३२ ला होतं, वर मे महिन्यातलं स्वयंपाकघर, ते दही वेगानं आंबणारच. ज्या वस्तूचा सगळा खेळ तीन-चार डिग्रीचा आहे त्याच्याबरोबर असा थर्मामीटर पाठवणं मला अजिबात पटलं नाही. मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं आणि दुसरा पाठवला, तो बरोबर आहे. कुठलंही किट घ्या, पहिल्यांदा थर्मामीटर बर्फात आणि उकळत्या पाण्यात घालून बघा, मगच दुधाला हात लावा.

रेनेटची पण गोची होती. चार थेंबांचं माप सगळ्या चीजसाठी एकच छापलंय, आणि बाटलीला ड्रॉपर नाही, नुसतं झाकण, म्हणजे थेंब केवढा पडणार ते ज्याच्या त्याच्या हातावर. क्रीम चीजमध्ये दही घट्ट होतं ते मुख्यतः आंबटपणामुळं, रेनेट फक्त आधाराला. दुसऱ्या वेळी मी औषधाच्या ड्रॉपरनं एकच थेंब घेतला, दोन चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळला आणि मग टाकला. कल्चर पण पाकीट फोडून दुधावर नुसतं भुरभुरवलं, पाच मिनिटं तसंच राहू दिलं आणि मग डावानं खालून वर हलकं हलवलं. दूध बरोबर २५ ला. पातेलं परातीत पाणी घालून त्यात ठेवलं आणि भोवती ओला पंचा गुंडाळला, पंच्याची टोकं पाण्यात. ही युक्ती सासूबाईंची, उन्हाळ्यात त्या दुधाचं पातेलं असंच ठेवायच्या, फ्रीज नव्हता तेव्हा.

सकाळी अकराला उघडलं. वर पाण्याचा अगदी पातळ थर, काचेसारखा. पातेलं वाकडं केलं तर दही अख्खंच्या अख्खं कडेपासून सुटलं, सुरी घातली तर काप चिरत गेला आणि फटीत पिवळसर पाणी भरलं. आणि वास! आंबट नाही, ताजं लोणी काढल्यावर घुसळखांबापाशी येतो तसा वास. मी दहा मिनिटं नुसती झाकण काढून उभी होते.

त्यानंतर कापडानं घात केला. किटमधलं कापड इतकं विरळ विणीचं आहे की मऊ दही त्यातून खाली पातेल्यात उतरायला लागलं. पहिल्या वेळी गोळा रबरासारखा झाला होता म्हणून कळलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं थांब, ओतू नकोस आणखी," आणि आतल्या खोलीतून मामंजींचं जुनं धोतर आणलं, धुऊन धुऊन रेशमासारखं मऊ झालेलं, त्याचा चौकोन फाडला, उकळत्या पाण्यात टाकून पिळला. दर गुढीपाडव्याला आमच्याकडं चक्का त्याच कापडात बांधतात. त्यातून एक कण खाली गेला नाही.

पण चक्क्यासारखं खुंटीला टांगून रात्रभर विसरलं तर चालत नाही. क्रीममुळं कापडाला आतून स्निग्ध थर धरतो आणि पाणी अडतं, बाहेर घट्ट आणि मधे पातळ असं होतं. आणि उन्हाळ्यात बाहेर टांगलं की आंबत जातं. म्हणून रोळीत कापड, खाली पातेलं, वर ताटली आणि अर्धा लिटरची पाण्याची बाटली वजनाला, सगळं फ्रीजमध्ये. दर दोन-तीन तासांनी चमच्यानं कडा खरवडून मधे ढकलायच्या. साधारण चौदा तास लागले. मिळालं ४६० ग्रॅम. खाली पाणी भरपूर निघालं, त्यात थालीपीठाचं पीठ भिजवलं आणि उरलेल्याची कढी केली, फेकू नका.

मीठ घातलं छोटा चमचाभर, चार-पाच ग्रॅम, आणि मग गुळगुळीत करायला बीटर शोधत होते तर सासूबाईंनी पुरणयंत्र पुढं केलं, बारीक चाळणी लावून. श्रीखंडाचा चक्का काढतो तसंच काढलं. त्या बोटावर घेऊन म्हणाल्या, "हा तर चक्काच की गं." मग दुसऱ्यांदा चाटून, "नाही, चक्का नाही हा. आंबट कमी आहे आणि मागनं लोणी येतंय." मला विचाराल तर क्रीम चीजचं ह्याच्याहून नेमकं वर्णन मी कुठं वाचलेलं नाही.

हे चीज मुळात अमेरिकेचंच आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्स नावाच्या डेअरीवाल्यानं १८७२ च्या सुमारास करायला सुरुवात केली, आणि १८८० मध्ये ते विकणाऱ्या एका व्यापाऱ्यानं त्याला फिलाडेल्फिया नाव दिलं कारण तेव्हा त्या शहराचं दूधदुभतं नावाजलेलं होतं. लॉरेन्सचं चीज त्या शहरात होत पण नव्हतं. मला हे वाचून मजा वाटली, आपल्याकडं पण दुसऱ्या गावाच्या नावावर पेढे खपतातच.

तिसरी वेळ वाढदिवसाची. सगळं दुसऱ्या वेळेसारखंच केलं, चीजकेक १५० डिग्रीला पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजला. एक गोष्ट लक्षात ठेवा, विकतच्या क्रीम चीजमध्ये बहुतेक वेळा लोकस्ट बीन गमसारखं काहीतरी असतं जे पाणी धरून ठेवतं, आपल्या घरच्यात काही नसतं, म्हणून मिश्रणात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घातलं. काप सुरेख पडला, कडेला थेंबभर पाणी सुटलं असेल, तेवढंच. चव विकतच्यापेक्षा मला जास्त आवडली, कारण विकतच्यात तो लोण्याचा वास इतका जाणवत नाही. लेकीनं दुसऱ्या दिवशी डब्यात पण तोच नेला.

पैशाचं म्हणाल तर दूध आणि क्रीम मिळून एका वेळेला दोनशेच्या आसपास गेले, त्यात चाळीस ग्रॅम कमी अर्धा किलो, म्हणजे विकतच्या निम्म्याहून कमी. किटचे पैसे मात्र त्यावर धरायचे. कल्चर मला सहा दिवसांनी मिळालं, मे महिन्यात, बर्फाच्या पॅकशिवाय, आणि पाकिटावरच लिहिलंय की फ्रीजरमध्ये ठेवा. तिन्ही वेळा ते लागलं त्यामुळं त्याच्या ताकदीबद्दल माझी तक्रार नाही, उलट किटमधली सगळ्यात चांगली वस्तू तीच आहे, पण अशी वस्तू उन्हाळ्यात साध्या खोक्यात पाठवू नये.

चांगली वस्तू ती दोनच, कल्चर आणि रेनेट. कॅल्शियम क्लोराईड मी वापरलंच नाही, म्हशीच्या ताज्या दुधाला गरज पडली नाही, पिशवीचं दूध घेणाऱ्यांनी वापरून बघावं. कापड आता ओट्याच्या फडक्यात गेलंय. म्हणून पाचपैकी तीन स्टार, आणि ते तीनही कल्चरचे. पुन्हा अख्खं किट मी घेणार नाही, कल्चर आणि रेनेट सुटं मिळतं ते घेईन, थर्मामीटर चांगला वेगळा घेईन, आणि कापडाला घरात धोतर आहेच.

फ्रीजमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात सात-आठ दिवस छान राहतं. फ्रीजरमध्ये ठेवू नका, भुगा होतो. चौथं पाकीट अजून शिल्लक आहे, त्याचं लसूण आणि मिरी घालून करायचं म्हणतेय, ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर, पण पाऊस सुरू होऊन जरा गारवा आला की मगच, म्हणजे परात आणि ओल्या पंच्याची गरज पडणार नाही.