जॅझ बाससाठी पुश-पुल पॉट: दोन महिन्यांच्या वापरानंतर

फेंडर कंपनीचा जॅझ बास हा बास गिटार १९६० मध्ये बाजारात आला तेव्हापासून त्याचे दोन्ही पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकी भाग) समांतर जोडलेले असतात आणि त्याचा स्वच्छ, मध्यस्वरांत किंचित पोकळ असा आवाज बऱ्याच अंशी या जोडणीतून येतो. वाद्यवृंदात ढोलकी आणि दोन कीबोर्ड एकदम वाजू लागले की मात्र हाच आवाज गर्दीत हरवतो. म्हणून मी पुढच्या पिकअपच्या व्हॉल्यूमचा पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) काढून तिथे २५० किलोओहमचा पुश-पुल पॉट, म्हणजे नॉब वर-खाली केल्यावर स्विचचेही काम करणारा पॉट, बसवून घेतला. नॉब खाली असताना जोडणी पूर्वीसारखी समांतर राहते आणि वर ओढला की दोन्ही पिकअप एकसर, म्हणजे सिरीजमध्ये जातात.

फरक पहिल्याच स्वराला कळला. जाड ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवला, तेव्हा समांतर जोडणीत बोटाचा आघात अधिक ऐकू येत होता. नॉब ओढल्यावर तोच स्वर भरदार झाला, मध्य भरून आला आणि आवाजही वाढला. समांतरमध्ये एक व्हॉल्यूम जरा कमी केला की विजेची घरघर डोके वर काढते. एकसर जोडणीत, माझ्या वायरिंगप्रमाणे, तोच नॉब दोन्ही पिकअपचा मिळून व्हॉल्यूम होतो, त्यामुळे तो कमी केला तरी घरघर परत येत नाही. मला हा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

काही गोष्टी आधी पाहून घ्याव्यात. हा पॉट नेहमीच्यापेक्षा उंच असतो, त्यामुळे वायरिंगच्या खोबणीची खोली मोजल्याशिवाय तो विकत घेऊ नये. माझा पहिला पॉट ६ मिलिमीटर दांड्याचा निघाला आणि पाव इंची भोकाचा मूळ नॉब त्यावर डगमगू लागला, म्हणून तो पॉट बदलावा लागला. एकसर जोडणीत प्रतिरोध समांतरच्या सुमारे चौपट होतो आणि लांब केबल वरचे स्वर अधिक गिळते. वीस फुटी केबलऐवजी दहा फुटी लावल्यावर आवाज पुन्हा मोकळा झाला. गाण्याच्या मधोमध नॉब ओढला तर आवाज एकदम उसळतो, तेव्हा ही अदलाबदल दोन गाण्यांच्या मधेच करावी.

लाकडाला कुठेही छिद्र पाडावे लागले नाही आणि बॅटरीही लागत नाही. मूळ पॉट मी डबीत जपून ठेवला आहे, पण तो परत बसवण्याचा माझा विचार नाही.