घट्ट जमीन: खणावी की झाकावी?

भाजीच्या वाफ्यातली माती दगडासारखी झाली की दोन रस्ते उरतात. खणून शेणखत मिसळायचं, नाहीतर वरून कंपोस्ट-पालापाचोळा घालून वाट बघायची. मी शेजारशेजारच्या वाफ्यांत दोन्ही करून पाहिलं.

खणण्याचा फायदा नाकारता येत नाही. वीतभर खोल खणलं, ढेकळं फोडली, खत मिसळलं आणि त्याच हंगामात मुळा पेरला. वाफसा, म्हणजे खणण्याजोगा ओलावा, मात्र सांभाळावा लागतो. मूठभर माती दाबून बोटाने टोचायची. भुगा झाला तर खणायचं, मेणासारखी दबली तर कुदळ ठेवून द्यायची. वाळू मिसळायच्या फंदात तर पडूच नये, चिकणमातीत थोडीफार वाळू गेली की वाफ्याची वीट होते.

पण माझं मन उडालं ते पापडीमुळे. एक जोरदार सर आली, दोन दिवस ऊन पडलं आणि एवढ्या मेहनतीच्या मातीवर कडक खपली धरली. उघड्या मातीवर थेंबांचा मारा बसला की बारीक कण सुटतात आणि वाळताना एकमेकांना चिकटतात. मुळ्याचे कोंब नाण्याएवढे तुकडे डोक्यावर घेऊन अडकले होते. खुरपीने हलकेच फोडायला गेलो, तर खपलीबरोबर कोंबही तुटून हातात. पुन्हा पेरलं, पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. शिवाय खणताना लव्हाळ्याच्या, म्हणजे त्या चिवट तणाच्या, गाठी वाफाभर पसरल्या, ते वेगळंच.

झाकलेल्या वाफ्याने पहिल्या वर्षी माझी सहनशक्ती पाहिली. बी पेरता आलं नाही, वांग्या-टोमॅटोची रोपंच लावावी लागली; पाचोळ्याखाली गोगलगाईही आल्या. दुसऱ्या वर्षी मात्र पाचोळा सारला तर खाली गांडुळांच्या मातीच्या बारीक गोळ्या, आणि बोट दुसऱ्या पेरापर्यंत सहज आत. लाकडाचा भुसा असेल तर तो वरच ठेवावा. मातीत मिसळला की कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपं पिवळी पडतात.

तुमच्याकडे पहारही उसळत असेल, तर नुसत्या झाकण्याने फार वेळ लागेल. तिथे दातांचं काटेरी फावडं रोवून, माती न उलटता, एकदाच सैल करावी आणि मग झाकावी. गाजर-मुळा याच हंगामात हवा असेल तर खणा, माझी हरकत नाही. माझा खणलेला वाफा मात्र आता पाचोळ्याखालीच आहे. बी पेरायचं तेव्हा तेवढी ओळ उघडी करतो.